जायबंदी सैनिकांचें पुढील जीवन

दरवर्षीं डिसेंबरची ७ तारीख आली म्हणजे आपल्या शाळेंत लहान लहान कागदी ध्वज येतात. तांबडा, गडद निळा व फिकट निळा असे तीन रंग त्यांवर असतात. भूदल, नौदल आणि वायुदल या तिन्ही दलांच्या त्या खुणा होत. विद्यार्थी हातांत डबा घेऊन वर्गावर्गांतून व पुढें बाजारपेठेंतून फिरतात. कोणी दहा रुपये टाकतो, कोणी पन्नास, आणि देणाऱ्याच्या छातीवर टांचणीनें ध्वज लावला जातो. सन १९४९ पासून हा ध्वजदिन देशभर पाळला जात आहे. या निधीचे हेतु तीन आहेत: युद्धांत जखमी झालेल्यांचें पुनर्वसन, सेवेंत असलेल्या सैनिकांचें व त्यांच्या कुटुंबांचें हित, आणि माजी सैनिकांचें कल्याण.

गेल्या खेपेस डबा मोजून झाल्यावर आठवीच्या एका विद्यार्थ्यानें मला प्रश्न केला, "गुरुजी, ज्याचा पाय गेला त्याला पैसे मिळतात हें समजलें. पण तो माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत करतो तरी काय?" मीं त्या वेळीं कांहींतरी उत्तर देऊन त्यास वर्गांत पाठविलें. प्रश्न मात्र खरा होता, आणि माझें उत्तर अपुरें होतें. तोच प्रश्न मनांत ठेवून हा लेख लिहीत आहें.

लढाईची वार्ता आपण वाचतों. रणांत पडलेल्या वीराचें स्मारक उभारतों व त्यापुढें मस्तक लववितों. परंतु जो मेला नाहीं आणि धडही परतला नाहीं, अशा सैनिकाचें पुढें काय होतें, याचा विचार क्वचितच कोणी करतो. त्याचें वय बहुधा वीस ते तीस असतें. म्हणजे पुढें चाळीस पन्नास वर्षांचें आयुष्य त्यास काढावयाचें असतें. त्यास तीन गोष्टी लागतात. पहिली, पोट भरण्याचें साधन. दुसरी, हिंडण्याफिरण्याची सोय. आणि तिसरी, मनास उभारी देणारा खेळ व करमणूक. पहिल्या दोहोंची गरज सर्वांस पटते; तिसरी मात्र चैनीची बाब आहे असें पुष्कळांस वाटतें. हा समज चुकीचा आहे, हें पुढील हकीकतीवरून दिसून येईल.

प्रथम पोटाचा प्रश्न घेऊं. पहिल्या महायुद्धांत हिंदुस्थानचे शिपाई फ्रान्स, मेसोपोटेमिया व पूर्व आफ्रिका येथवर लढले आणि हजारों जखमी होऊन परतले. त्या वेळीं मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन हे होते. त्यांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांनीं सन १९१७ मध्यें मुंबईस अशा शिपायांसाठीं एक धंदेशिक्षणाची शाळा काढली. तीच आजची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट होय. पुढें ती पुण्याजवळ खडकीस नेण्यांत आली आणि अपंग सैनिकांस हातधंदे व यंत्रांचीं कामें शिकविण्याचें तिचें कार्य तेथें अद्याप चालू आहे. या शाळेमागील विचार साधा आहे. सैनिकाचा पाय गेला म्हणून त्याचे हात गेले नाहींत. हात गेला म्हणून बुद्धि गेली नाहीं. जें राहिलें आहे त्यास वळण द्यावें, म्हणजे मनुष्य स्वतःच्या कमाईवर जगूं शकतो.

दृष्टि गेलेल्यांचीही अशीच सोय झाली. सन १९४३ मध्यें डेहराडून येथें युद्धांत अंध झालेल्या हिंदी सैनिकांसाठीं सेंट डन्स्टन या नांवाचें वसतिगृह निघालें. त्याचे चालक सर क्लूथा मॅकेंझी हे न्यूझीलंडचे रहिवासी असून पहिल्या महायुद्धांत गॅलिपोली येथें त्यांचे स्वतःचे डोळे गेले होते. ज्यानें अंधार भोगला होता, तोच दुसऱ्यांस अंधारांत चालावयास शिकवूं लागला. या वसतिगृहांतूनच पुढें अंधांसाठीं देशाची मोठी राष्ट्रीय संस्था वाढली. म्हणजे सैनिकांसाठीं लावलेल्या झाडाची सावली सर्व समाजास मिळाली.

आतां हिंडण्याफिरण्याचा प्रश्न. दुसरें महायुद्ध चालू असतां, सन १९४४ मध्यें, पुणें येथें लष्करानें कृत्रिम अवयव केंद्र स्थापन केलें. तेथें गेलेल्या हातापायांऐवजीं नवे अवयव बनवून बसवितात. हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. पाय कापल्यावर जो भाग उरतो त्यास खुंट म्हणूं. जखम भरून आल्यावर त्या खुंटाचा साचा घेतात आणि त्या मापाची खोबण तयार करतात. माणसाचें सारें वजन या खोबणींतून कृत्रिम पायावर उतरतें; म्हणून ती थोडीशी जरी सैल वा घट्ट झाली, तरी कातडी सोलून निघते. पहिल्या कांहीं महिन्यांत खुंट आकसत जातो, त्यामुळें खोबण पुनः पुनः बदलावी लागते. आरंभीं तो पाय दिवसांतून थोडाच वेळ घालावयाचा असतो. मग हळूहळू तो वेळ वाढवीत न्यावयाचा. गुडघा शाबूत राहिला असेल तर चाल लवकर येते. गुडघ्याच्या वर पाय कापलेला असेल तर श्रम फार पडतात, कारण गुडघ्याचें कामही यंत्राकडून करवून घ्यावें लागतें.

येथें एक गोष्ट आपल्या शेतकरी पालकांच्या चटकन् ध्यानांत येईल. युरोपांत तयार होणारा जुना कृत्रिम पाय बूट घालून फरशीवर चालणाऱ्यासाठीं केलेला असे. आपल्याकडे मनुष्य अनवाणी चालतो, मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो, आणि पावसाळ्यांत काळ्या रानांतल्या चिखलांतून जातो. ही अडचण ओळखून सन १९६८ च्या सुमारास जयपूर येथें रामचंद्र शर्मा हे कारागीर व डॉक्टर प्रमोद करण सेठी यांनीं रबराचा, सर्व बाजूंनीं वाकणारा पाय तयार केला. तोच 'जयपूर फूट' म्हणून प्रसिद्ध झाला. त्यांतील शर्मा हे फारसे शिकलेले नव्हते. परंतु आपलीं माणसें कशीं बसतात व कशीं चालतात, हें त्यांस पक्कें ठाऊक होतें.

पाय गेल्यापेक्षांही बिकट अवस्था पाठीचा कणा दुखावल्यानें येते. कण्याच्या पोकळींतून मज्जारज्जु जातो. मेंदूच्या आज्ञा त्यांतून खालीं जातात आणि अंगाच्या वेदना त्यांतून वर येतात. गोळीनें किंवा पडण्यानें हा रज्जु तुटला, म्हणजे त्या जागेखालचें शरीर हलेनासें होतें व तेथें कांहीं कळेनासेंही होतें. आपण एका कुशीवर फार वेळ निजलों तर अंग दुखतें व नकळत आपण कूस बदलतों. या रोग्यास तें दुखणेंच कळत नाहीं. म्हणून एकाच जागीं भार पडून शय्याव्रण होतात, ते चिघळतात आणि जिवावर बेततें. यासाठीं अंथरुणांतील रोग्यास दर दोन तासांनीं कुशीवर वळवावें लागतें. लघवीच्या मार्गांत होणारे रोग हेंही त्यांस दुसरें मोठें भय असतें. पहिल्या महायुद्धाच्या काळीं असे बहुतेक जखमी थोडक्याच काळांत दगावत.

ही स्थिति पालटविणारा एक मोठा वैद्य म्हणजे लुडविग गुटमन. हे जातीनें ज्यू व मूळचे जर्मनीचे; हिटलरच्या छळामुळें सन १९३९ मध्यें त्यांस इंग्लंडांत आश्रय घ्यावा लागला. सन १९४४ मध्यें स्टोक मँडेव्हिल येथील इस्पितळांत कण्याच्या जखमी सैनिकांचा विभाग त्यांच्या स्वाधीन झाला. त्यांनीं रोग्यांस वेळेवर कूस बदलविण्याचा कडक नियम घातला, व्रण आटोक्यांत आणले आणि रोगी जगूं लागले. तेव्हां दुसराच प्रश्न उभा राहिला. जगलेला तरुण भिंतीकडे तोंड करून पडून राही. त्यास कशाचीच इच्छा उरली नव्हती. गुटमन यांनीं त्याच्या हातीं चेंडू दिला, धनुष्यबाण दिला. २९ जुलै १९४८ रोजीं लंडन येथें ऑलिंपिक सामन्यांचा प्रारंभ झाला. त्याच दिवशीं स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर चाकांच्या खुर्चींत बसलेल्या १६ माजी सैनिक स्त्रीपुरुषांनीं धनुर्विद्येची स्पर्धा केली. त्या लहानशा सामन्यांतून पुढें सन १९६० मध्यें रोम येथें सुमारें ४०० अपंग खेळाडूंचा मेळा भरला, आणि त्यालाच आज जग पॅरालिंपिक म्हणून ओळखतें.

यांत औषध कोणतें? एक तर शरीराचें. पाय चालेनासे झाले म्हणजे खांदे, दंड व छाती यांवरच सर्व भार येतो. बिछान्यावरून खुर्चींत सरकावयाचें तरी दंडांत बळ पाहिजे. बाण ओढल्यानें तें येतें. पोहण्यांत पाणी शरीराचा भार उचलून धरतें, म्हणून जमिनीवर न हलणारा मनुष्य पाण्यांत मोकळा होतो. दुसरें औषध मनाचें. इस्पितळांत त्यास सारेजण विचारीत, "कसें काय, बरें आहे ना?" मैदानांत त्यास विचारतात, "किती गुण झाले?" या दोन प्रश्नांत फार अंतर आहे.

आपल्या महाराष्ट्रांत याचें उदाहरण शोधावयास लांब जावें लागत नाहीं. सांगली जिल्ह्यांतील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैन्याच्या इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स या दलांत जवान होते. ते उत्तम मुष्टियोद्धे होते. सन १९६५ च्या पाकिस्तानशीं झालेल्या युद्धांत ते गोळ्यांनीं जबर जखमी झाले. एक गोळी कण्यांत रुतली व पाय लुळे पडले. मुंबईच्या नौदल इस्पितळांत उपचार चालू असतां त्यांस व्यायाम म्हणून पोहावयास सांगण्यांत आलें. ज्यास उपचार म्हणून पाण्यांत उतरविलें, तो तेथें खेळाडू झाला. सन १९७२ मध्यें पश्चिम जर्मनींतील हायडेलबर्ग येथें ५० मीटर पोहण्याच्या शर्यतींत त्यांनीं ३७.३३ सेकंदांत अंतर कापून सुवर्णपदक मिळविलें. पॅरालिंपिकमध्यें भारतास मिळालेलें तें पहिलें सुवर्णपदक होय. देशानें त्यांस पद्मश्री दिली ती सन २०१८ मध्यें, म्हणजे ४६ वर्षांनीं. पदक मिळवावयास त्यांस एक मिनिटही लागलें नाहीं. त्याची आठवण व्हावयास आपणांस जवळजवळ अर्धें शतक लागलें!

खडकी येथें सन १९७४ पासून कण्याच्या जखमी सैनिकांसाठीं एक निवासी पुनर्वसन केंद्र आहे. ज्यांस मानेखालीं हातही हलवितां येत नाहीं असे तेथील कांहीं सैनिक तोंडांत कुंचला धरून चित्रें काढतात. इतर चाकांच्या खुर्चींत बसून बास्केटबॉल खेळतात. या खेळांत टोपलीची उंची धडधाकट खेळाडूंच्या खेळांत असते तेवढीच, म्हणजे ३.०५ मीटर ठेवलेली आहे. सवलत म्हणून ती खालीं आणलेली नाहीं. चेंडू मांडीवर ठेवून खेळाडूनें चाकांस दोनदां रेटा द्यावा. तिसऱ्यापूर्वीं चेंडू जमिनीवर आपटलाच पाहिजे, नाहींतर चूक धरतात.

त्याच खडकींत बॉम्बे सॅपर्स या पलटणीच्या केंद्रांत सैन्याचा अपंग खेळाडूंचा विभाग आहे. नागालँडचे होकाटो सेमा हे हवालदार तेथेंच गोळाफेक शिकले. सन २००२ मध्यें काश्मीरच्या सरहद्दीवर सुरुंगाच्या स्फोटांत त्यांचा डावा पाय गेला होता. सन २०१६ मध्यें, वयाच्या तिसाव्या वर्षानंतर, त्यांनीं गोळा प्रथम हातीं घेतला. सन २०२४ च्या सप्टेंबरांत पॅरिस येथील पॅरालिंपिकमध्यें त्यांनीं तो १४.६५ मीटर फेंकून कांस्यपदक जिंकलें. या प्रकारांत खेळाडू जमिनीस जखडलेल्या आसनावर पट्ट्यांनीं बांधून बसतो. पायांचा जोर मिळत नसल्यानें कंबर, छाती व दंड यांतूनच सारें बळ काढावें लागतें.

हें सर्व वाचून बीड जिल्ह्यांतील एखादा पालक म्हणेल, "गुरुजी, हें पुण्यामुंबईचें झालें. आमच्या गांवांत काय?" त्याचें उत्तर असें. आपल्या बीड शहरांत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. माजी सैनिक, अपंग सैनिक व सैनिकांच्या विधवा यांचे अर्ज तेथें घेतात, आणि कोणत्या साहाय्यास कोण पात्र आहे तें सांगतात. ज्याचें अपंगत्व सैनिकी सेवेमुळें आलें किंवा वाढलें असें वैद्यकीय मंडळ ठरवितें, त्यास नियमांप्रमाणें अपंगत्वाचें निवृत्तिवेतन मिळतें. प्रत्यक्ष युद्धांतील जखमेस त्याहून अधिक मिळतें. अपंगत्व शेंकडा किती, हें मंडळ लिहून देतें व त्यावर रक्कम अवलंबून असते. मागणी नाकारली गेली तर वरिष्ठांकडे अपील करतां येतें, आणि त्यानेंही समाधान न झाल्यास सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे दाद मागतां येते. त्याचें एक खंडपीठ मुंबईस आहे. औषधोपचारासाठीं माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना सन २००३ पासून चालू आहे.

परंतु यांतील एकही गोष्ट कागदावांचून होत नाहीं. सेवामुक्तीचें पुस्तक, निवृत्तिवेतनाचा आदेश, वैद्यकीय मंडळाचा दाखला व माजी सैनिकाचें ओळखपत्र, हीं चार कागदपत्रें पेटींत जपून ठेवावीं आणि त्यांच्या दोन दोन प्रती वेगळ्या ठेवाव्या. आपल्याकडे घर गळतें, उंदीर कुरतडतात, नाहींतर कागद भावकींतल्या कोणाकडे तरी राहून जातो. ज्या विद्यार्थ्यांस वाचतां लिहितां येतें, त्यांनीं आपल्या गांवांतील अशा सैनिकाकडे एकदां जाऊन त्याचे कागद नीट लावून द्यावे व अर्ज लिहून द्यावा. ध्वजदिनाच्या दहा रुपयांहून ही देणगी मोठी आहे.

शेवटीं माझी स्वतःची एक चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या क्रीडामहोत्सवास मीं एका निवृत्त हवालदारांस पाहुणे म्हणून बोलाविलें. सुरुंगानें त्यांचा गुडघ्याखालचा एक पाय गेला होता. त्यांस मंडपाच्या सावलींत खुर्ची दिली, हार घातला, त्यांच्या पराक्रमावर मीं लांबलचक भाषण केलें. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. परत जातांना त्यांस मोटारीपर्यंत पोंचवावयास गेलों, तेव्हां ते हंसून म्हणाले, "गुरुजी, मान दिलात, आभारी आहें. पण मुलें गोळा फेंकीत होतीं तेव्हां हात शिवशिवत होते. पलटणींत असतांना मी फेंकीत असें. कोणी विचारलें असतें, तर बसून फेंकला असता." मला काय बोलावें तें सुचेना. दिवसभर आम्हीं त्यांच्या गेलेल्या पायाचा सत्कार केला. त्यांच्या शाबूत हातांकडे कोणाचेंही लक्ष गेलें नाहीं.

पुढील वर्षीं आम्हीं एक जड बांक आणून त्याचे पाय जमिनींत पुरले, बांक दोरांनीं खुंट्यांस ताणून बांधला आणि त्यांस गोळा दिला. मोजपट्टी धरावयास दोन मुलें उभीं होतीं. पहिली फेंक वेडीवांकडी गेली. त्यांनीं दुसरी मागितली, मग तिसरी. तिसरी फेंक फार लांब गेली असें नाहीं. परंतु ती मोजून होईपर्यंत ते पुढें वांकून पट्टीकडे असे पाहत होते, कीं जणूं मंडप, पाहुणे आणि आम्हीं सारे तेथें नव्हतोंच. त्यानंतर ते शनिवारीं सकाळीं शाळेच्या मैदानावर येऊं लागले. "कोपर खालीं पडूं देऊं नको, गोळा मानेशीं ठेव," असें त्यांचें ओरडणें वरच्या वर्गापर्यंत ऐकूं येतें. त्यांच्या हाताखालीं शिकणाऱ्या मुलांपैकीं बहुतेकांस आतां त्यांचा पाय आठवतही नसेल. त्यांचा राग मात्र पक्का आठवतो.

तेव्हां विद्यार्थीमित्रहो, अपंग सैनिक भेटला तर "बिचारा" हा शब्द तोंडांतून काढूं नका. त्यास बुद्धिबळाचा एक डाव खेळावयास बोलवा. जिंकूं देऊं नका, जिंकावयाचें तर त्याला जिंकूं द्या. कबड्डीच्या सामन्यास पंच म्हणून न्या. आणि पालकहो, गांवच्या देवळापुढें, शाळेपुढें व ग्रामपंचायतीपुढें पायऱ्यांच्या बाजूस एक उतरण बांधून घ्या. चार पोतीं सिमेंटचें काम आहे. पण तेवढ्यानें चाकाच्या खुर्चींतला मनुष्य चार लोकांत येऊन बसतो.

ज्या विद्यार्थ्यानें मला तो प्रश्न विचारला, तो आतां नववींत आहे. त्यास मीं येत्या शनिवारीं सकाळीं सात वाजतां मैदानावर बोलाविलें आहे. त्याचें उत्तर हवालदारसाहेब त्यास देतीलच, आणि बहुधा गोळाही हातीं देतील.